हद्दीपलीकडचं चलान

१

ज्या दिवशी आपली गाडी गॅरेजमध्ये उभी होती, त्याच दिवशी ती शेजारच्या राज्यात ताशी ब्याण्णवच्या वेगानं पळत होती, असं मास्तरीणबाईला टपालानं कळलं.

तिची ड्रायव्हिंग स्कूल होती. निम्म्या शहराला तिनं क्लच सोडायला शिकवलं होतं, आणि शिकून गेलेले डॉक्टर, कारकून, भाजीवाले सगळे तिला मास्तरीणच म्हणत. नवरा मालवाहू जहाजावर, वर्षातले बरेच महिने समुद्रात. घरात सासू, सासरे आणि धाकटा दीर. सासरे शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले होते आणि घरातही ते हेडमास्तरच होते.

चलान सरळ होतं. साठची मर्यादा, ब्याण्णवचा वेग, एक मोठा पूल, पांढरी छोटी गाडी आणि तिचा नंबर. सोबत मागून काढलेले दोन फोटो. दंड तसा फार नव्हता, भीती वेगळीच होती. वेगमर्यादा मोडल्याचा गुन्हा एकदा नावावर लागला की शिकवण्याचा परवाना जातो. ज्या बाईनं वर्षानुवर्षं लोकांना हळू चालवायला शिकवलं, तिचीच पाटी वेगापायी उतरणार होती.

दिराचं म्हणणं होतं, वहिनीनं भरून टाकावं आणि मोकळं व्हावं. परक्या राज्यातला कागद, इथं कोण बघतंय? तो हे इतक्या घाईनं म्हणाला की मास्तरणीला जरा खटकलं. त्याचं स्वतःचं नाव वेगाच्या दंडात दोनदा आलेलं होतं. गाडीची जादा किल्ली दाराजवळच्या खुंटीला असायची, ती घेणं त्याला काही अवघड नव्हतं.

तिनं भरलं नाही. ती वकीलबाईंकडे गेली.

वकीलबाईंचं ऑफिस टायरच्या दुकानावर होतं, त्यामुळे कायद्याच्या पुस्तकांनाही रबराचा वास यायचा. त्या फक्त रस्त्यावरच्या भानगडी घेत. कोर्टातले शिपाई त्यांना मागून ब्रेकबाई म्हणत, कारण घाईघाईनं दंड भरायला निघालेल्याला त्या दारातच थांबवत.

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि फोटो डोळ्यांजवळ नेले.

"याला तीन उत्तरं असतात," त्या म्हणाल्या. "एक, भरायचं. म्हणजे गुन्हा कबूल, तुमची पाटी खाली. दोन, गप्प बसायचं. परराज्यातलं आहे म्हणून पुष्कळ लोक गप्प बसतात. मग काही महिन्यांनी लायसन्सचं नूतनीकरण अडतं आणि माझ्याकडे धावत येतात. तीन, भांडायचं. पण त्या राज्यात भांडायचा हक्क फक्त गाडी चालवणाऱ्याला आहे. त्यानं कोर्टात उभं राहून शपथेवर सांगायचं, मीच होतो. मालकाला चालकाचं नाव देता आलं नाही, तर मालकच दोषी."

मास्तरीण म्हणाली की हा दुसऱ्याच गाडीवर लावलेला आपला नंबर असणार, असे प्रकार होतात. गाडी तर क्लचप्लेट बदलायला गॅरेजमध्ये होती. शिवाय फोटोत टपावर ड्रायव्हिंग स्कूलची पाटीच नाही.

वकीलबाईंनी फोटो तिच्याकडे फिरवला आणि मागच्या बंपरवर नखानं टिचकी मारली. तिथं एक खोल खड्डा होता. तो खड्डा मास्तरणीच्या ओळखीचा होता. एका घाबरट विद्यार्थ्यानं खांबाला गाडी टेकवून तो केला होता, आणि तिनं मुद्दाम दुरुस्त केला नव्हता, कारण पुढच्या विद्यार्थ्यांना दाखवायला बरा पडायचा.

"नंबर चोरता येतो," वकीलबाई म्हणाल्या. "पोचा कोण चोरणार? गाडी तुमचीच आहे. आता चालवत कोण होतं, ते शोधू."

२

गॅरेजवाला हात पुसत बाहेर आला. गाडी त्या दिवशी आली होती ना, असं विचारल्यावर त्यानं मान डोलावली. पण कधी आली, हे विचारल्यावर उत्तर वेगळंच निघालं. गाडी सकाळी यायची होती. त्यानं दिवसभर वाट पाहिली. ती आली दिवे लागल्यावर.

"आणली कोणी?"

"तुमच्या काकांनी. म्हणजे किल्ली त्यांनी आणून दिली. गाडी बाहेर कोपऱ्यावर उभी होती, मीच आत घेतली."

काका म्हणजे मास्तरणीचे मदतनीस, जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले. नवीन माणसांना ते शिकवत. चांगले धिप्पाड, आणि पोट असं की गणवेशाचं शेवटचं बटण त्यांनी कधीच लावलं नव्हतं. गाडी सकाळीच गॅरेजला सोडली, असं त्यांनी मास्तरणीला तोंडावर सांगितलं होतं.

वकीलबाईंनी गॅरेजवाल्याला विचारलं की आत घेताना गाडीत काही वेगळं वाटलं का. तो हसला. वेगळं म्हणजे, बसताच येईना. ड्रायव्हरची सीट इतकी पुढं ओढलेली की स्टेअरिंग छातीला लागत होतं. उलट बाजूची सीट पार मागं, जवळजवळ मागच्या सीटला टेकलेली. टपावरची पाटी डिकीत होती, फडक्यात नीट गुंडाळून.

रस्त्यावर आल्यावर मास्तरणीनं पहिल्यांदा आवाज चढवला. काका आपल्याशी खोटं बोलतील यावर तिचा विश्वासच बसत नव्हता. वकीलबाई शांतपणे चालत होत्या. त्यांचं म्हणणं, चोरानं पाटी फेकून दिली असती. फडक्यात गुंडाळून ठेवणाऱ्याला ती पाटी आपली वाटत होती.

"म्हणजे काकाच?"

"काकांनाच विचारू," वकीलबाई म्हणाल्या. "पण मला वाटतं, ते आपल्याला आणखी एक खोटं सांगतील."

३

काका ड्रायव्हिंग स्कूलच्या अंगणात सरावासाठी प्लास्टिकचे कोन मांडत होते. वकीलबाईंना पाहिल्यावर त्यांनी हातातला कोन खाली ठेवला आणि कुणी विचारायच्या आधीच बोलले.

"मॅडम, लिहा माझं नाव. मीच होतो. वेगात गेलो, चुकलं माझं."

मास्तरणीचे डोळे भरून आले. काकांचा परवाना गेला तर या वयात त्यांना दुसरं काम कोण देणार होतं? पण वकीलबाईंनी काहीच लिहिलं नाही. त्यांनी पांढरी गाडी बाहेर काढायला लावली, ड्रायव्हरची सीट गॅरेजवाल्यानं सांगितली तितकी पुढं ओढली आणि काकांना म्हणाल्या, बसा.

काकांनी एक पाय आत टाकला. मग दुसरा टाकायचा प्रयत्न केला. पोट आणि स्टेअरिंग यांच्यात थोडा वेळ झटापट झाली आणि पोटानं हार मानली. ते अर्धे आत, अर्धे बाहेर अडकून राहिले. शेवटी मास्तरणीनं हात धरून त्यांना ओढून काढलं. एरवी अशा गोष्टीवर ती पोट धरून हसली असती.

वकीलबाईंनी मग त्यांना बाजूच्या सीटवर बसवलं, सीट पार मागं सरकवली. काका तिथं जन्मल्यासारखे मावले.

"तुम्ही इथं होता," त्या म्हणाल्या. "आणि स्टेअरिंगवर कोणीतरी बुटकं माणूस होतं, तुम्ही शिकवलेलं. हमरस्त्यावर वाऱ्यानं पाटी उडू नये म्हणून ती तुम्ही काढलीत. आता नाव सांगा."

काकांनी हात जोडले. "शब्द दिलाय. परवाना घ्या हवं तर, नाव मागू नका."

ते पुन्हा कोन मांडायला गेले. निघताना वकीलबाईंनी मास्तरणीला विचारलं, तिच्या घरी संध्याकाळी सगळे असतात का.

"माझ्या घरी? का?"

"काकांचे विद्यार्थी पुष्कळ असतील. पण गाडी न्यायची आणि मालकिणीला सांगायचं नाही, असा शब्द ते परक्या माणसाला देतील का?"

४

घरी हेडमास्तर वर्तमानपत्र वाचत होते, दीर फोनवर होता आणि सासूबाई टाचा उंचावून फळीवरून चहाचा डबा काढत होत्या. वकीलबाईंनी एकेकाशी गप्पा मारल्या. हेडमास्तरांना गाडी येत नव्हती आणि यावी असं वाटतही नव्हतं. त्या दिवशी ते ग्रंथालयात होते. दीर ऑफिसला गेलो होतो म्हणाला, मग अडखळला, मग खरं सांगून टाकलं. ऑफिस बुडवून तो दुसऱ्या कंपनीत मुलाखतीला गेला होता आणि तिथं नापास झाला होता, म्हणून त्या दिवसाची चौकशी होण्याआधी विषय मिटावा अशी त्याची घाई. तसाही तो घरात सगळ्यांत उंच. त्या सीटवर त्याचे गुडघे कानाला लागले असते. सासूबाई त्या दिवशी धाकट्या बहिणीकडे गेल्या होत्या. त्यांनी हे सांगितलं, साखर किती घालू विचारलं आणि कपात साखर दोनदा घातली.

चहा संपल्यावर वकीलबाई म्हणाल्या की आपण सगळे जरा गाडीतून चक्कर मारूया. तुम्ही या गाडीत नेहमी बसता, काही बदल जाणवतो का ते सांगा. कारण तसं लंगडं होतं, पण वकील सांगतेय म्हटल्यावर कुणी हरकत घेतली नाही. मास्तरीण चालवायला बसली, वकीलबाई शिकवणाऱ्याच्या सीटवर, बाकी तिघं मागं.

शाळेच्या गाडीत शिकवणाऱ्यासाठी वेगळा आरसा असतो. वकीलबाईंनी तो थोडा वळवला आणि रस्त्याऐवजी मागच्या सीटकडे बघत बसल्या.

बाजाराच्या चौकात एक बस अंगावर आल्यासारखी वळली. दिरानं फोनमधून मान वर काढली. हेडमास्तरांनी डोळे मिटले. सासूबाईंचा पाय मात्र फटकन खाली गेला आणि गाडीच्या नुसत्या तळावर घट्ट दाबून राहिला. पुढं मास्तरणीला रांग बदलायची होती. तिनं आरशात पाहिलं, आणि त्याच क्षणी मागच्या सीटवर सासूबाईंनी मान वळवून खांद्यावरून मागं पाहिलं, गाडी येतेय का म्हणून.

घरी परतल्यावर वकीलबाईंनी सासूबाईंना गच्ची दाखवायची विनंती केली. मास्तरीण मागोमाग गेली. वर वाळत घातलेल्या चादरी होत्या.

"आई," वकीलबाई हळूच म्हणाल्या, "गाडीत नुसतं बसणारं माणूस पुढं बघतं. चालवणारं माणूस मागंही बघतं. लायसन्स कधी काढलंत?"

५

सासूबाईंनी आधी चादरीची घडी पूर्ण केली. मग त्या सांगू लागल्या, आणि सांगताना त्यांचा आवाज कुठंही कापला नाही.

त्यांना एक मुलगी होती, मास्तरणीची नणंद. वडिलांच्याच शाळेत शिक्षिका. एका वर्षी विश्वस्ताच्या मुलाचे गुण बदलले गेले आणि तिनं ते सगळ्यांसमोर उघड केलं. हेडमास्तरांना चौकशीपुढं बसावं लागलं. गुण त्यांनी बदलले नव्हते, पण बदलले जाताना पाहून ते गप्प बसले होते, हे सगळ्या शहराला कळलं. मुलगी शेजारच्या राज्यात निघून गेली. तेव्हापासून या घरात तिचं नाव निघत नव्हतं.

मग कळलं की तिच्या पाठीच्या मणक्याचं ऑपरेशन आहे. त्याच्या पुष्कळ आधीपासून सासूबाई काकांकडे गुपचूप शिकत होत्या. कधीतरी मुलीकडे जायला लागेल आणि तेव्हा कुणापुढं हात पसरायचा नाही, एवढंच मनात होतं. पहिल्याच परीक्षेत पास झाल्या. ऑपरेशनच्या दिवशी काका शेजारी बसले आणि सासूबाईंनी गाडी हाकली. हॉस्पिटलच्या बाकावर बसून राहिल्या, मुलीनं डोळे उघडल्यावर तिचा हात धरला आणि संध्याकाळी परत आल्या.

"मला का नाही सांगितलंत?" मास्तरणीनं विचारलं. "निम्म्या गावाला शिकवते मी."

"तुला एकदा म्हटलं होतं शिकव म्हणून. तू हसलीस, म्हणालीस, आई, या वयात कशाला? आणि नंतर सांगितलं असतं, तर तुलाही त्यांच्यापुढं खोटं बोलावं लागलं असतं. माझं मी बोलत होते तेवढं पुरे होतं."

मास्तरणीनं दोरीवरची दुसरी चादर ओढली आणि घडी घालायला घेतली.

चलान घरी येईल हे सासूबाईंच्या ध्यानीमनी नव्हतं. आल्यावर त्यांनी काकांना निरोप धाडला होता की मी कबूल करते, आणि काकांनी उलट निरोप दिला होता की थांबा, आधी मी बघतो.

वकीलबाईंनी मार्ग समोर ठेवला. सासूबाईंनी चालक म्हणून आपलं नाव द्यायचं आणि टपालानं दंड भरून टाकायचा. मास्तरणीचा परवाना वाचतो, हेडमास्तरांच्या कानावर जायचं कारण नाही. फक्त एक होतं. लायसन्स नवं असल्यामुळे वेगाचा एकच गुन्हा लागला तरी ते रद्द होणार होतं. पुन्हा मुलीकडे जायचं तर कुणाच्या तरी मेहरबानीवर.

"भरणार नाही," सासूबाई म्हणाल्या. "मला घाई होती. पोरीला आत नेण्याआधी पोचायचं होतं. पण मी वेगात नव्हते. काकांना विचारा, मागचे हॉर्न वाजवून कंटाळले."

मास्तरणीनं वकीलबाईंकडे पाहिलं. ऑपरेशनला निघालेली आई वेगात नव्हती, हे कोणतं कोर्ट मानणार?

वकीलबाईंनी पर्समधून फोटो काढले आणि गच्चीच्या कठड्यावर शेजारी शेजारी ठेवले. पहिल्या दिवशीच त्यांना एक गोष्ट दिसली होती, पण चालक सापडल्याशिवाय तिचा उपयोग नव्हता. दोन्ही फोटोंत शेजारच्या रांगेत एक मालट्रक होता. पहिल्यात तो गाडीच्या बरोबरीनं होता, दुसऱ्यात बराच पुढं. दोन्ही फोटो एका पाठोपाठ, क्षणाच्या अंतरानं काढलेले. रस्त्यावरचे पांढरे पट्टे हीच मोजपट्टी. तेवढ्या वेळात गाडी जितके पट्टे पुढं सरकली होती, त्याच्या बरोबर दुप्पट ट्रक सरकला होता.

"आता हिशेब करा," वकीलबाई म्हणाल्या. "गाडी ब्याण्णवनं जात असेल, तर ट्रक एकशे चौऱ्याऐंशीनं. माल भरलेला ट्रक तेवढा पळाला तर त्याला ट्रक म्हणत नाहीत, विमान म्हणतात. पण ट्रक ब्याण्णवनं जात असेल तर तुम्ही शेहेचाळीसनं. शिवाय बघा, तुमचे ब्रेकचे लाल दिवे लागलेत. ट्रक अंगावरून जातोय म्हणून तुम्ही गाडी आवरत होता. ट्रकच्या नंबराच्या पाटीवर चिखल आहे. यंत्रानं वेग त्याचा मोजला आणि स्वच्छ दिसणारा नंबर तुमचा उचलला."

सासूबाईंनी फोटो हातात घेतला. त्यांनी त्या लाल दिव्यांवरून बोट फिरवलं.

"हे कोर्टात मला स्वतःला सांगावं लागेल?"

"तुम्हालाच. त्या दिवशी तिथं का होता, तेही विचारतील."

सासूबाईंनी खाली जाणाऱ्या जिन्याकडे पाहिलं. "मग आधी त्यांना सांगते," असं म्हणून त्या उतरू लागल्या.

६

हेडमास्तरांच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. मास्तरीण बाहेर उभी राहिली. आतून सासूबाईंचा एकसारखा आवाज येत होता, मध्ये कुणी अडवलं नाही. गाडी, लायसन्स, बहिणीकडे गेल्याची थाप, पूल, चलान, सगळं त्यांनी क्रमानं सांगितलं. सगळं सांगून झालं तेव्हा मास्तरणीनं आत जायला दारावर हात ठेवला.

तेव्हा हेडमास्तरांचा आवाज आला.

"ऑपरेशन कसं झालं?"

सुनावणीला त्यांनी आपणहून यायचं ठरवलं. त्या दिवशी सकाळी ते सगळ्यांच्या आधी बूट घालून दाराशी उभे होते. काकाही आले आणि साक्ष दिली. परराज्यातलं ते कोर्ट लहान होतं, भिंतींना नुकता रंग दिलेला. सरकारी वकिलानं सासूबाईंना विचारलं की मुलगी ऑपरेशनच्या टेबलावर असताना तुम्ही सावकाश जात होता, हे कसं मानायचं. त्यांनी त्याला सांगितलं, "मी पोचले नसते तर तिच्याजवळ कोणीच नव्हतं. म्हणून सावकाश गेले."

वकीलबाईंनी पट्टे मोजून दाखवले. न्यायाधीशांनी स्वतः पट्टी मागून घेतली, पुन्हा मोजलं, यंत्र तपासणीला पाठवायचा आदेश दिला आणि चलान रद्द केलं. सरकारी वकिलानंसुद्धा फोटोची एक प्रत मागून घेतली. पुढच्या आठवड्यात त्याच पुलावरची आणखी बरीच चलानं रद्द झाली, असं नंतर कळलं.

वकीलबाईंना त्याच इमारतीत दुसरं काम होतं, काका त्यांच्याबरोबर थांबले. बाकी तिघं गाडीकडे आले. मास्तरणीनं किल्ली सासूबाईंच्या हातात ठेवली आणि स्वतः शेजारी बसली. कुठं जायचं हे कुणी विचारलं नाही, हेडमास्तरांनीही नाही. ते मागच्या सीटवर हात गुडघ्यांवर ठेवून ताठ बसले होते. सासूबाईंनी चढावर गियर बदलला तेव्हा मास्तरणीला शिकवणाऱ्याच्या बाजूच्या जादा क्लचला हात लावायची, म्हणजे पाय लावायची, गरजच पडली नाही. इतका मऊ बदल तिच्या जुन्या विद्यार्थ्यांनाही जमत नव्हता, आणि तिनं तसं मोठ्यानं सांगितलं.

नणंद दुसऱ्या मजल्यावर राहत होती. कमरेला पट्टा होता, चालताना भिंतीचा आधार घ्यावा लागत होता, म्हणून दार उघडायला वेळ लागला. तोवर हेडमास्तर जिन्याचा कठडा धरून उभे राहिले. त्यांना दम लागला होता, आणि तो सगळाच काही जिन्यामुळे नसावा.

दार उघडलं. मुलीनं आधी आईकडे पाहिलं, मग वहिनीकडे, मग मागं उभ्या असलेल्या वडिलांकडे. तिनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि जे सुचलं तेच विचारलं.

"एवढ्या लांब कोणी आणलं तुम्हाला?"

"तुझ्या आईनं," हेडमास्तर म्हणाले. मग मुलीच्या नजरेला नजर देत, "तुझ्यासारखीच आहे ती. खरं बोलते, आणि पोचवते."

मुलगी दारातून बाजूला झाली.